वेळ सांगणारी बाई

आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच कान तपासायच्या त्या खोलीत बसणाऱ्याचं काम. बोलायचं नाही. शिंपीकाकांना तिने हे खुणा करून समजावलं होतं, पाटीवर लिहून दाखवलं होतं, आणि तरी ते मधेच बोलले. जाड काचेपलीकडे, भिंतींना गादीसारखं मऊ कापड ठोकलेल्या त्या इवल्याशा खोलीत, डोक्यावर हेडफोन चढवून बसलेले शिंपीकाका एकदम हसले आणि तिच्या बाजूच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, "हे चूं चूं काय लावलंय बाई? ती फोनवर टाइम सांगणारी होती ना, ती असती तर एका फटक्यात ऐकू आलं असतं. काय खणखणीत आवाज! रेडिओवरची होती म्हणे." आवाज बारीक करायच्या चकतीवर तिचा हात तसाच राहिला. इतक्या वर्षांत ती सेवा बंद पडली होती, नंबर दुसऱ्याच कुणाला दिला गेला होता, आणि त्या बाईची आठवण काढणारं माणूस तिला भेटलं नव्हतं. तिने माईकची कळ दाबली. "रेडिओवरची नव्हती हो. माझी आई होती ती." हे वाक्य तिने आजवर कुणापुढेच मोठ्याने म्हटलं नव्हतं, म्हटल्यावर तिच्याच गालांना ऊब आली. शिंपीकाकांनी समजूतदारपणे मान डोलावली. "हो, हो. सावकाश होऊ द्या. मला कुठे जायचंय?" त्यांच्या कानापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत दवाखाना रिकामा झाला, डॉक्टरीणबाई घरी गेल्या, आणि ती डबा न उघडता फोन घेऊन बसली. रेडिओवरची होती म्हणे. हे 'म्हणे' आलं कुठून? ते विकीवरून आलं होतं. फोनवरून वेळ सांगणाऱ्या त्या सेवेवर तिथे चक्क एक लेख होता, आखूड, तीन परिच्छेदांचा, आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला लिहिलं होतं की ही सेवा संपूर्णपणे एका प्रसिद्ध रेडिओ निवेदिकेच्या आवाजात ध्वनिमुद्रित करण्यात आली होती. निवेदिकेचं नाव निळ्या अक्षरांत होतं. त्यावर बोट ठेवलं की तिचा स्वतंत्र लेख उघडत होता, केसांत पांढरी बट असलेल्या हसऱ्या फोटोसकट. आईचं नाव कुठेच नव्हतं. आईचं नाव निळं व्हावं असं काही तिने केलेलंही नव्हतं म्हणा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसायची, कुणाची तार कुणाला जोडून द्यायची, संध्याकाळी पाय सुजवून घरी यायची. वाक्याशेजारी एक लहानशी पेन्सिल होती. हा ज्ञानकोश कुणीही लिहू शकतो असं तिने पूर्वी वाचलं होतं, पण तक्रारपेटीवर 'आपल्या सूचनांचे स्वागत आहे' असं लिहिलेलं असतं तसं ते वाचून सोडून दिलं होतं. तिने पेन्सिलीला बोट लावलं. आणि पान उघडलंच. कुणी अडवलं नाही, कोण तुम्ही म्हणून विचारलं नाही. कडी नसलेल्या घराचं दार हात लागताच आत जावं आणि आपण एकदम परक्यांच्या बैठकीत उभं असावं, तसं झालं. शब्द तिथे मोकळे पडले होते. तिने निळं नाव पुसलं, आईचं नाव लिहिलं, 'प्रसिद्ध रेडिओ निवेदिका'च्या जागी 'टेलिफोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर' असं लिहिलं आणि प्रकाशित केलं. मग पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिली. आई तिथे होती. काळ्या अक्षरांत, सगळ्या जगाला दिसेल अशी. डबा तसाच राहिला.

दुपारच्या चहापर्यंत आई नाहीशी झाली होती. निवेदिका परत येऊन आपल्या निळ्या जागेवर बसली होती, आणि वर कोपऱ्यातल्या घंटेपाशी तिच्यासाठी निरोप होता. निरोप लिहिणाऱ्याने स्वतःसाठी 'पाणकावळा' असं नाव घेतलं होतं. "नमस्कार. विकीवर स्वागत. तुमचा बदल मी परतवला आहे, राग मानू नका. संदर्भ होता तो काढून तुम्ही बिनसंदर्भाचं नाव घातलंत. तुमच्याकडे काही पुरावा आहे का, छापलेला, निदान ऐकता येईल असा? लेखाच्या चर्चापानावर बोलू. लिहून झालं की चार नागमोडी चिन्हं काढा, सही आपोआप होते." तिला राग आलाच. ती चर्चापानावर गेली आणि लिहिलं, "माझी आई आहे ती. मला माहीत नसेल तर कुणाला असणार?" नागमोडी चिन्हं फोनवर सापडता सापडेनात, सापडली तेव्हा ती चार लहान लाटांसारखी ओळीने उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांची सही झाली. पाणकावळ्याचं उत्तर लगेच आलं, जणू तो काठावर पंख वाळवत बसूनच होता. "तेच तर. आपल्या माणसाबद्दल आपण लिहू नये, असा इथे संकेत आहे. आपण खोटं बोलतो म्हणून नव्हे. आपण फार जवळ उभे असतो म्हणून."

फार जवळ. संध्याकाळी दवाखान्यातून घरी चालत जाताना तो शब्द तिच्या बरोबरीने चालत राहिला. जवळ म्हणजे केवढं? त्या जुन्या घराच्या बोळकांडीत भिंतीला फोन होता, काळा, जडशीळ, आणि त्याचा कान थंडगार असायचा. आईची दुपारची पाळी असली की लहानगी ती रडून घर डोक्यावर घ्यायची, मग बाबा तिला उचलून स्टुलावर उभं करायचे, चकती फिरवायचे, आणि तो थंडगार कान तिच्या कानाला लावायचे. "घे, आई बोलतेय." आई खरंच बोलत असायची. चार वाजून सतरा मिनिटं झाली आहेत. ती म्हणायची, आई, माझा दात पडला. आई म्हणायची, चार वाजून अठरा मिनिटं झाली आहेत. पण दोन वाक्यांच्या मधे एक जागा होती, बारीक खरखर असलेली, आणि त्या जागेत ती श्वास रोखून उभी राहायची, कारण तिची खात्री होती की कधी ना कधी आई तिथे घाईघाईने, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत, काहीतरी म्हणेल. कोणता दात? असं तरी. आईने कधीच विचारलं नाही. आणि आई घरी आली की ती फुरंगटून कोपऱ्यात बसायची. आई चपला काढत विचारायची, आता काय झालं या बाईला, आणि बाबा हसायचे. पुढे मोठेपणी तिला कळलं की ती फीत होती, पण कळणं वरवरचं. आत कुठेतरी ती त्या स्टुलावरून उतरलीच नव्हती. लग्न झालं, मोडलं, ती आईकडे परत आली, बाबा गेले, आणि माणसांच्या कानांत शिट्ट्या वाजवण्याचं काम तिला मिळालं. काचेपलीकडचा माणूस जेव्हा अगदी बारीक आवाजासाठी मान तिरकी करून थांबतो, ऐकू येतंय की भास होतोय हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो हे तिला आरशात पाहिल्यासारखं ओळखीचं वाटायचं. वाटेवरच्या दुकानांतले दिवे लागत होते. पदपथावरची माणसं तोंडं हलवत चालली होती आणि तिला कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त त्या जुन्या आवाजातला 'वाजून' हा शब्द. किती गोड म्हणायची आई तो. 'वा'वर चढायची आणि 'जून'वर घसरगुंडीसारखी खाली यायची. झोप येताना तिला तोच शब्द लागायचा.

आई मागच्या खोलीत खिडकीशी बसून मटार सोलत होती. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज कागदावर कागद घासावा तसा झाला होता आणि ती मोजकं बोलायची. तिने आईला सगळं सांगितलं, शिंपीकाकांपासून पाणकावळ्यापर्यंत. आईला पाणकावळा आवडला. "नाव बरं घेतलंय मेल्याने," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण त्याचं चुकलं कुठे? आवाज तिचाच होता."

"म्हणजे?"

"तास तिचे होते. मिनिटं माझी."

मटारची शेंग टचकन फुटली. आईने सांगितलं ते सरळ होतं, इतकं की इतकी वर्षं ते कुणी सांगितलं कसं नाही याचंच नवल. काम दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी रेडिओवरच्या बाईने तास म्हणून दिले, एक वाजून, दोन वाजून, असे सगळे. दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला, आणि त्यानंतर ती परदेशी जाणार होती. साहेब हवालदिल झाले. ते ऑपरेटरांच्या खोलीत आले, प्रत्येकीला 'सतरा' म्हणायला लावलं आणि आईला उठवून घेऊन गेले. "माझा आवाज तिच्या आवाजाला खपायचा. म्हटली मिनिटं. संध्याकाळी पुन्हा येऊन बोर्डावर बसले. जाहिरात तिच्या नावाची आधीच झाली होती, मग कोण कशाला सांगतंय."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू आपली धरूनच चाललेलीस."

ती आईच्या बोटांकडे बघत राहिली. तास तिचे. म्हणजे 'चार वाजून' तिचं. म्हणजे 'वाजून' तिचं. ती घसरगुंडी, ती झोप, स्टुलावर उभं राहून जिच्या अंगावर रेलायचं ती ऊब, हे सगळं केसांत पांढरी बट असलेल्या कुणा परक्या बाईचं, आणि आपण आयुष्यभर ते आईच्या नावावर जमा करत आलो. आणि मग एकदम दुसरंच आठवलं, ते कधीपासून तिथे पडून होतं कुणास ठाऊक: संध्याकाळ, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज, आई घरात आहे, आणि बोळकांडीत बाबा भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, फोनचा कान कानाला लावून, बोलत काहीच नाहीत. तिने घाबरतच विचारलं, "आई, तू घरी असायचीस तेव्हाही बाबा तो नंबर लावायचे. का गं?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"विचारलं होतं मी एकदा. म्हणाले, घड्याळ लावतोय." आईने दाणे तळहातावरून वाटीत सोडले. "हातात घड्याळ नव्हतंच त्यांच्या."

"मग?"

"मग काय? आत भाजी करपत होती. मी गेले."

त्यानंतरचे दिवस तिला अर्धवट झोपेतल्यासारखे गेले. चर्चापानावर पाणकावळा वाट पाहत होता, घाई नाही असंही त्याने लिहिलं होतं. बाबा कुणाला ऐकत होते? तासाला की मिनिटाला? रेडिओवरच्या बाईसाठी सगळं शहरच वेडं होतं, त्यात बाबा असले तर काय बिघडलं? आणि मिनिटांसाठी उभे असले तर? स्वयंपाकघरात घामाघूम झालेली, बोर्डावर दिवसभर लोकांशी बोलून आलेली आणि म्हणून घरी मुकी राहणारी बायको त्यांना फोनवर तरी बोलताना सापडत असेल. असंही असेल. तिला दोन्ही खरं वाटे, रस्त्याच्या या बाजूने चालताना एक, त्या बाजूने चालताना दुसरं. दवाखान्यात ती लोकांच्या कानांचे आलेख काढायची, डावा निळा, उजवा लाल, आणि दोन रेघा जिथे एकमेकींवरून जात तिथे बघत बसायची. लेखाच्या तळाशी एक दुवा होता हे तिला नंतर दिसलं. कुणा हौशी माणसाने त्या सेवेचा जुना तुकडा टेपवर घेऊन ठेवला होता आणि तो तिथे ऐकायला लावला होता. तो घरी ऐकायचा तिला धीर झाला नाही. एके दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर ती स्वतःच त्या मऊ भिंतींच्या खोलीत जाऊन बसली, दार लावून घेतलं, हेडफोन चढवले. इतकी वर्षं ती काचेच्या अलीकडे बसत आली होती. आत इतकी शांतता असते याची तिला कल्पना नव्हती. स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. मग खरखर आली, आणि खरखरीतून ती बाई.

सात वाजून. चढली आणि घसरली. तिच्या अंगावर काटा आला, तोच जुना, लहानपणचा. आणि मग, 'वाजून'च्या नंतर, फीत जोडलेल्या जागी, इतर कुणाच्याही कानाला कळणार नाही असं काहीतरी. एक श्वास. कुणीतरी बोलण्याआधी घाईने घेतलेला, थोडा घाबरलेला, नाकातून आत ओढलेला. तो श्वास ती ओळखत होती. दूध उतू जायच्या आधी आई तो घ्यायची, परीक्षेच्या निकालाचा लिफाफा फोडताना घ्यायची, बाबांचं समजलं तेव्हाही तिने तो घेतला होता. बेचाळीस मिनिटं झाली आहेत, असं आई म्हणाली, तरुण आवाजात, दुसऱ्या बाईच्या चालीवर पाऊल जुळवत. ती तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिली. ती दोन वाक्यांच्या मधल्या जागेत कान देऊन उभी राहायची आणि आई त्याच वाक्याच्या पोटात होती.

त्या दिवशी तिने चर्चापानावर सगळं लिहिलं. एक मोह झाला होता: नुसतं 'आवाज माझ्या आईचाही आहे' एवढं लिहावं, तास कुणाचे ते झाकून ठेवावं. पण लिहिताना लक्षात आलं की त्या कोऱ्या चौकोनात काही झाकता येत नाही, तिथे लिहिलेलं कुणीतरी, कधीतरी, सावकाश वाचणार असतं. म्हणून तास तिचे, मिनिटं आईची, घसा बसला, साहेबांनी 'सतरा' म्हणायला लावलं, आणि मी कानांचंच काम करते, मला तो सांधा स्पष्ट ऐकू येतो, असं सगळं. चार लाटा. सही.

पाणकावळ्याने या वेळी वेळ घेतला. "तुमचे कान तयार आहेत हे मान्य," त्याने लिहिलं. "पण स्वतः ऐकून काढलेला निष्कर्ष इथे चालत नाही. तुमचा नाही आणि माझाही नाही, कारण मग मला काय, काहीही ऐकू येईल. आईंनी सांगितलेलं कुठे छापून आलं तर जरूर आणा. एक मात्र झालं. तुमच्यामुळे मी संदर्भातली निवेदिकाबाईंची जुनी मुलाखत पुन्हा ऐकली. त्या फक्त म्हणतात, 'फोनवर मी वेळ सांगायचे.' लेखातला 'संपूर्णपणे' हा शब्द त्यांचा नाही. कुणीतरी वाक्य भरदार व्हावं म्हणून घातलेला दिसतो. तो काढायला कुणाची हरकत नसावी. तुम्हीच काढा." आणि खाली, सहीच्या आधी, "श्रवणचाचणीवरचा आपला लेख फार गरीब आहे. तिथे तुमची कुणी नातेवाईक नाही. जमलं तर बघा."

पेन्सिलीला बोट लावून तिने 'संपूर्णपणे' पुसला. एकेक अक्षर मागून पुढे गिळत खूण सरकली आणि वाक्य बारीक होऊन पुन्हा जुळलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर ते तसंच होतं. श्रवणचाचणीच्या लेखातही तिने दोन वाक्यं घातली, डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकाचा पानासह संदर्भ देऊन, आणि कुणीतरी येऊन तिचा एक लांबलचक शब्द सोपा करून गेलं. तिला त्याचा राग आला नाही. उलट खोलीत कुणीतरी आहे असं वाटलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने लेख आईला दाखवला, अक्षर मोठं करून. आईने चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला.

"यात मी कुठेय?"

"इथे 'संपूर्णपणे' असं होतं. ते आता नाही."

आई त्या जागेकडे बघत राहिली. आई रागावेल, की थट्टा आहे असं समजेल, याचा तिला अंदाज येईना. पण आई म्हणाली, "ती आली होती एकदा. तुला सांगितलं नाही का? परदेशातून परत आल्यावर. एक्स्चेंजच्या जिन्यात उभी होती. म्हणाली, मी सहज टाइम विचारायला फोन लावला, आणि मला वाटलं मला वेड लागलंय. मी न म्हटलेलं मीच म्हणतेय. कोण ती, दाखवा मला. मग आम्ही दोघी जिन्यात बसलो. ती म्हणायची 'नऊ वाजून', मी म्हणायचे 'तेरा मिनिटं'. वरच्या पोरी वाकून बघत होत्या. काय हसलो गं." आईचा घासलेला आवाज हसण्याच्या जागी नुसताच हलला. "तुझ्या बाबांना घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तासाला मी जांभई देतो."

बाहेरच्या उन्हात कुणाचे तरी कपडे वाळत होते आणि त्यांची सावली आईच्या मांडीवरून मागेपुढे जात होती. असं बोलायचे बाबा? आपल्या बाबांचा हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. आई मात्र केव्हाच लेखात परत गेली होती, ओठ हलवत, एकेक शब्द बोटाने सरकवत, आणि शेवटच्या परिच्छेदापाशी तिचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय? दर मिनीटाला?"

"काय झालं?"

"मिनिटाचं नि पहिलं असतं. हे कुणी लांबवून ठेवलंय?" तिला खरोखरच वाईट वाटलं होतं. "आम्हाला साहेबांनी बजावलं होतं, मिनिट ओढायचं नाही, नाहीतर पुढच्यावर आदळतं."

"मग कर की दुरुस्त. कर, तुझं तू. इथे बोट लाव. याला पुरावा लागत नाही."

"कुणी रागावणार नाही ना?"

"नाही."

आईने तोच श्वास घेतला, नाकातून, घाईने. बोटाने 'नी' पुसली. तिच्याबरोबर चुकून 'मि'ही पुसली गेली, ती पुन्हा लिहिली, आणि मग 'नि', अगदी आखूड. खाली चौकट आली: आपण काय बदल केलात ते थोडक्यात लिहा.

"इथे काय लिहू?" आईने विचारलं.

"जे केलंस ते."

आईने लिहिलं, मिनिट बरोबर केलं. मग फोन तिच्या हातात परत दिला आणि विचारलं की आता हे ते पाणकावळेबुवा बघतील का. बघतील, ती म्हणाली. पण त्यांना काही बदलावं लागणार नाही.